पहिली पंगत, गो ३

लक्ष्मणकाकांच्या साठीला पहिली पंगत तीनदा जेवली. लोक म्हणतात, असं काही झालंच नाही. लोक म्हणजे पहिल्या पंगतीतले लोक, आणि त्यांचं म्हणणं मी फारसं मनावर घेत नाही, कारण त्यांना काहीच आठवत नाही.

मी संदेश. अंबरपेठेत राहतो, खाली काका-काकू, वर आम्ही, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला एका काचेच्या इमारतीत बसून डेटाबेससाठी स्क्रिप्ट लिहितो. घरात हे काम काय आहे ते कोणाला कळत नाही. काका महसूल खात्यात होते, त्यामुळे ज्या कामात शिक्का नाही ते काम त्यांना संशयास्पद वाटतं. एकदा त्यांनी विचारलंच, “तू दिवसभर नेमकं करतोस काय?”

मी म्हटलं, “पंगती उठवतो.”

मग समजावलं ते असं. डेटाबेसला सगळं एका दमात सांगायचं नसतं. आदेशांचे गट पाडायचे. एक गट संपला की पुढच्या ओळीवर एकटंच ‘गो’ लिहायचं. गो म्हणजे चला, उठा. तो गट उठतो, पानं उचलली जातात, फरशी पुसली जाते, आणि पुढचा गट कोऱ्या पानांवर येऊन बसतो. आधीच्या गटात तुम्ही काही जाहीर केलं असेल, समजा आजचं गोड म्हणजे पुरणपोळी, तर पुढच्या गटाला त्याचा पत्ता नसतो. तो विचारतो, गोड म्हणजे काय? आणि लाल अक्षरांत बोंबलतो. गटाच्या आत चार कामं एकत्रच राहायला हवी असतील तर त्यांच्या अलीकडे ‘बिगिन’ आणि पलीकडे ‘एंड’ लिहायचं, म्हणजे भाताबरोबर वरण येतं, नाहीतर भात वाढणारा पुढे निघून जातो आणि वरण तिसऱ्याच्या पानात पडतं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे वाढपी आहेस.”

“हो.”

“मग आधी सांगायचं की. आम्ही इंजिनिअर समजत होतो.”

अशा रीतीने काकांच्या साठीशांतीच्या जेवणाची व्यवस्था माझ्याकडे आली.

आता त्या दिवशी खरं अडलेलं काय होतं ते सांगतो. काकांची साठी ही सबब. अडलेली होती इंदुमतीकाकू.

काकूने आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला ओसरीवर बसवून अपूर्णांक शिकवलेत. मलाही. आजही मला पिझ्झा समोर आला की घाम फुटतो. दिलसुखनगरला एक कोचिंग क्लास आहे, तो चालवणाऱ्या प्रियदर्शिनी मॅडमना हे कुठूनसं कळलं आणि त्यांनी काकूला सकाळच्या मुलांसाठी बोलावलं. सोमवारपासून. हो की नाही ते साठीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं, नाहीतर त्या दुसऱ्या कोणाला घेणार.

काकूने काकांना विचारलं. काका म्हणाले, “बघू.”

महसूल खात्यात हे पूर्ण उत्तर असतं.

“तू तशीच जा ना,” मी काकूला म्हटलं होतं. “काका काय अडवणारेत?”

“अडवणार नाहीत रे. मी ओसरी उतरताना मागे तोंड फुगवून बसतील. तसं जायचं नाही मला. भांडून नाही, लपूनही नाही. त्यांनी तोंडाने म्हणायचं, जा म्हणून. नाहीतर नक्को मला तो क्लास.”

तर साठीच्या दिवशी हे सगळं घेऊन आम्ही मंडळाच्या हॉलमध्ये जमलो. होम झाला. होमाला काकू काकांच्या शेजारी बसली होती, हाताला हात लावून. होम संपला तशी उठली, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेली. घरची बाई शेवटच्या पंगतीला बसते. कोणी हे लिहून ठेवलेलं नाही, म्हणूनच ते मोडता येत नाही. काका उत्सवमूर्ती, ते पहिल्या पंगतीला. त्यामुळे काका आणि काकू ही माणसं लग्न झाल्यापासून कोणत्याही कार्यात एका पंगतीला जेवलेली नव्हती.

मी दारावर कागद चिकटवला होता. गंमत म्हणून तो स्क्रिप्टसारखाच लिहिला होता, मराठीत. बिगिन, ज्येष्ठ मंडळी, मीठ-लिंबू-गोंगुरा चटणी, भात-वरण, पुरणपोळी-तूप, कटाची आमटी, एंड. मग एका ओळीवर एकटंच: गो. त्याखाली दुसरी पंगत, गो. तिसरी, घरची, गो.

मंडळाचे सेक्रेटरी आबासाहेब चष्मा पुसत आले. आबासाहेबांच्या खिशात कायम पेन असतं आणि कोणताही कागद दुरुस्त न करता त्यांना पुढे जाता येत नाही.

“गो म्हणजे?”

“चला.”

“हौ, पण किती?”

“किती म्हणजे?”

“पंगती तीन आहेत ना? मग आकडा नको?” आणि त्यांनी पहिल्या गोच्या पुढे, निळ्या शाईत, सुबक ३ लिहिला.

मला माहीत होतं. माझ्या धंद्यात गोच्या पुढे आकडा लिहिला की तो गट तितक्या वेळा चालतो. पण मला वाटलं, हा दारावरचा कागद आहे, हॉल काही सर्व्हर नाही. हे माझ्या शिक्षणातलं भोक होतं.

पहिली पंगत बसली. होमाचा धूर अजून छताखाली घुटमळत होता आणि झरोक्यांतून येणारं ऊन त्यात अडकून तिरपं उभं राहिलं होतं. पंखे इतके सावकाश फिरत होते की त्यांना जेवणाआधीच सुस्ती आली होती. काका मध्यभागी, त्यांच्या डावीकडे त्यांची मोठी बहीण सत्यवतीआत्या, उजवीकडे आबासाहेब. पुढे हारीने सगळे ज्येष्ठ, बहुतेक निवृत्त वकील आणि मास्तर, सगळे बहिरे, त्यामुळे गप्पा उत्तम चालल्या होत्या.

दुसऱ्या पुरणपोळीवर तूप पडलं तेव्हा काका डोळे मिटून म्हणाले, “अक्का, मी ठरवलंय. इंदूला त्या क्लासला जाऊ द्यायचं. तिच्यासारखं गणित या शहरात शिकवतंय कोण?”

“कोण?” आत्या म्हणाली.

“तेच म्हणतोय मी. कोणी नाही.”

माझ्या हातात आमटीचं भांडं होतं. ते तसंच घेऊन मी स्वयंपाकघरात पळालो.

“काकू! काका हो म्हणाले!”

काकू पोळ्या मोजून परातीत ठेवत होती. तिचे हात थांबले. “मला?”

“आत्याला.”

“मी क्लासला जाणार की आत्या?” पण तिने हात पुसले, केसांवरून फिरवले आणि बाहेर आली.

तेवढ्यात आबासाहेबांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, “चला!”

पंगत उठली. पानं उचलली गेली. काकू काकांच्या समोर जाऊन उभी राहिली.

“अहो, संदेश काय म्हणतोय?”

“काय म्हणतोय?”

“क्लासचं.”

“कोणता क्लास?” काका म्हणाले, आणि पोटावर हात फिरवून, “इंदू, पहिली पंगत केव्हा बसवताय? फार भूक लागलीय.”

मी आत्याकडे बघितलं. आत्या पाटावर बसायला जागा शोधत होती. आबासाहेब सगळ्यांना सांगत होते की मंडळाचा कार्यक्रम म्हणजे वेळेवर. कोणाचे हात खरकटे नव्हते. उन्हाचा तिरपा पट्टा सरकून फरशीच्या दुसऱ्या ओळीपर्यंत गेला होता, तो पहिल्या ओळीवर परत आला होता. मी बाहेर जाऊन कागद बघितला. ३ तिथेच होता. सुबक.

मग ते सगळे पुन्हा जेवले.

मी वाढत होतो. वाढणारा पंगतीत बसत नाही, त्यामुळे मला सगळं आठवत होतं, आणि आठवणारा माणूस झोपलेल्यांच्या खोलीत जागा असल्यासारखा पाय न वाजवता चालतो. आत्याने पुन्हा विचारलं, अंबाडीच्या गोंगुऱ्यात मेथी आहे का. मी पुन्हा सांगितलं, नाही. आबासाहेबांनी पुन्हा तोच किस्सा सांगितला, आणि मला कबूल करायला हवं, दुसऱ्या वेळी तो जास्त रंगला. तुपाच्या वासात आवाज असे येत होते की ते पाण्याखालून निघाल्यासारखे वाटावेत. या वेळी काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि मी फोनवर रेकॉर्डिंग लावून तो खिशात ठेवला होता.

दुसरी पुरणपोळी. तूप. काकांनी डोळे मिटले.

“अक्का, मी ठरवलंय. इंदूला त्या क्लासला जाऊ द्यायचं. तिच्यासारखं गणित या शहरात शिकवतंय कोण?”

“कोण?”

काकूने दाराची चौकट धरली. ती काही बोलणार, तोच, “चला!”

मी धावत जाऊन काकांना रेकॉर्डिंग ऐकवलं. काकांनी फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं.

“आवाज भारदस्त आहे,” ते म्हणाले. “कोण हे?”

स्वयंपाकघरात काकू तांदळाच्या पोत्यावर बसली. आचारी अप्पाराव तिसऱ्यांदा तेवढ्याच पोळ्या लाटत होता. पीठ कमी होत नव्हतं, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती.

“ऐकलंस ना?” मी म्हटलं. “म्हणाले ते.”

“ऐकलं. पण ज्याला आठवत नाही त्याच्याकडून मिळालेलं हो घेऊन मी काय करू? सोमवारी ओसरी उतरताना मागे पुन्हा तेच, कोणता क्लास. तुझ्या त्या ऑफिसात असं झालं तर काय करतोस?”

“जे जाहीर केलं ते त्याच गटात वापरतो. गोच्या आत. आणि वापरून बाहेर कुठेतरी पक्कं करून ठेवतो. मग गट काही का विसरेना.”

“म्हणजे?”

“म्हणजे काका बोलतील तेव्हा तू त्यांच्या पंगतीत पाहिजेस. आणि आता ही शेवटची. आकडा तीनच होता. यानंतर काका कोणत्याही पंगतीत नाहीत.”

काकूने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला हॉलच्या छतावर चढायला सांगितलंय.

“मी? पहिल्या पंगतीला?”

“हो.”

“लोक काय म्हणतील?”

“काय म्हणतील ते चलाच्या नंतर विसरतील.”

हे तिला पटलेलं दिसलं. तिने खोचलेला पदर सोडला, खांद्यावरून घेतला आणि बाहेर गेली. पंगत बसली होती. एकही पान शिल्लक नव्हतं. ती सरळ काका आणि आबासाहेबांच्या मध्ये जाऊन बसली. आबासाहेब सरकले, का सरकले ते त्यांनाही कळलं नाही.

“इंदू?” आत्या म्हणाली. “वाढणार कोण?”

“संदेश आहे की. नोकरीच ती त्याची.”

काकांनी बायकोकडे बघितलं. मग आपलं केळीचं पान थोडं तिच्याकडे सरकवलं. अर्धं पान त्यांचं, अर्धं तिचं. मी मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वाढत गेलो.

भात झाला. वरण झालं. पहिली पुरणपोळी. दुसरी. मी तूप वाढलं, जरा जास्तच पडलं. काकांनी डोळे मिटले.

आणि उघडले. आणि आमटीला मीठ बरोबर आहे म्हणाले.

बस्स. मागच्या दोन्ही वेळा जे वाक्य घड्याळासारखं आलं होतं ते आलं नाही. शेजारी ती बसलेली होती ना. ती स्वयंपाकघरात असताना तिच्याबद्दल हो म्हणणं सोपं होतं. पानं रिकामी होत आली. आबासाहेबांनी टाळीसाठी दोन्ही हात उचलले.

काकूच्या पानात एक घास उरला होता. पंगतीतला शेवटचा माणूस जेवत असेपर्यंत कोणी उठायचं नसतं, हे आबासाहेबांनाही मान्य. त्यांचे हात हवेत तसेच राहिले, टाळीच्या अलीकडे.

“संदेश,” काकू म्हणाली, “भात वाढ.”

मी भात वाढला. भात संपल्यावर चिंचेतला पुलिहोरा वाढला. पुलिहोरा संपल्यावर खुबानीचं मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, वाढलं, ते खरं तर दुसऱ्या पंगतीचं होतं आणि दुसरी पंगत दाराच्या काचेला नाक लावून उभी होती. मग लिंबाच्या फोडी. मग अप्पारावने हात झटकून दाखवले आणि मी मीठ वाढायला लागलो. काकू चिमूट-चिमूट मीठ खात होती, अगदी निवांत, आणि केळीचं पान दोन्ही बाजूंनी लांबत चाललं होतं. बघता बघता त्याचं एक टोक आत्याच्या मांडीवरून पलीकडे गेलं. आत्याने त्यावर आपली चष्म्याची डबी ठेवली. उन्हाचा पट्टा थांबला होता. आबासाहेबांचे हात हवेत होते आणि ते त्या अवस्थेतच आपला किस्सा सांगत होते.

“अहो,” काकू शेवटी म्हणाली. “सोमवारपासून सकाळी मी घरी नसेन.”

काकांनी पानावर बोटाने रेघ ओढली. “दिलसुखनगर.”

“हो.”

“रोज?”

“रविवार सोडून.”

“म्हणजे सकाळी घरात मी एकटाच.” हे ते इतक्या हळू म्हणाले की मला मिठाची वाटी घेऊन खाली वाकावं लागलं. “तीस-पस्तीस वर्षं मी सकाळी निघून जायचो, तू दारात असायचीस. आता कुठे मी घरी राहिलोय आणि तू निघालीस.”

तर हे होतं त्या ‘बघू’मध्ये. मला वाटलं होतं तिथे नियम असेल.

“मी एकटा काय करू?” काका म्हणाले.

“चहा.”

“मला येत नाही चहा.”

“मला तरी कुठे येत होता लग्नाआधी? तुमच्या आईने पहिल्या दिवशी ओतून दिला होता मोरीत.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही पहिल्या पंगतीला होता.”

काका हसले. आधी नाकातून, मग अंगभर. आत्या काय झालं काय झालं म्हणून विचारत होती, तिला कोणी काही सांगितलं नाही.

“जा,” काका म्हणाले. काकूकडे बघून म्हणाले. “जा इंदू. माझं मी बघतो. तू जा.”

काकूचे डोळे भरले. त्यात थोडा मिठाचाही हात असावा. मला मात्र हवेतले आबासाहेबांचे तळवे दिसत होते.

“काकू,” मी कुजबुजलो, “आत्ताच. चलाच्या आत. वापर.”

तिने डाव्या हाताने कमरेचा फोन काढला, अंगठ्याने नंबर लावला. “प्रियदर्शिनी मॅडम? हौ, मी इंदुमती. येते मी. सोमवारी. नाही नाही, पक्कं. आमच्या ह्यांनीच सांगितलं, जा म्हणून.” पलीकडून त्या काहीतरी तेलुगूत आनंदाने बोलल्या. काकू “सरे, सरे” म्हणाली आणि फोन ठेवला. मग पानातला शेवटचा कण बोटाने उचलला आणि तोंडात टाकला.

टाळी वाजली. “चला!”

पंगत उठली. काकू उठली, आपल्या खरकट्या हाताकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

“अगंबाई! मी कशी बसले पहिल्या पंगतीला? माणसं उपाशी आहेत अजून! संदेश, मला हाक नाही मारायची?”

“काकू, काका तुला जा म्हणाले.”

“कुठे जा? त्यांना म्हणावं तुम्हीच जा, हात धुवा.” आणि पदर खोचून ती आत गेली. काका खिडकीशी उभे राहून कोणालातरी विचारत होते की आज जेवणात गोड काय आहे.

मी तिला संध्याकाळपर्यंत दोनदा सगळं सांगितलं. दोन्ही वेळा तिने मला थट्टा पुरे म्हटलं, आणि संध्याकाळ झाली तशी एकदा फोनकडे बघितलं, तो उचलला नाही, नुसता पालथा घातला. माझी अडचण अशी की मी लहानपणापासून खोटं बोलताना आणि खरं बोलताना चेहरा एकच ठेवतो. घरात माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. मला स्वतःला आठवतं ते एवढ्यासाठी, की मी आणि अप्पाराव सगळ्यात शेवटी जेवलो आणि तेव्हा चला म्हणायला हॉलमध्ये कोणी उरलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी जिन्यात होतो तेव्हा खाली काकूचा फोन वाजला.

“मॅडम, मुलं येऊन बसलीत,” प्रियदर्शिनी मॅडमचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. “आप निकले क्या?”

“मी येते म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?”

“आपणच. तुमच्या मिस्टरांनी जा म्हटलं, असं म्हणालात.”

काकू फोन हातात धरून उभी राहिली. काका पेपर वाचत होते.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही मला क्लासला जा म्हणालात म्हणे.”

काकांनी पेपर खाली केला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही आठवल्याची खूण नव्हती, मी नीट बघत होतो. ते बायकोकडे बघत राहिले, बराच वेळ, एखादा शब्द जिभेवर असावा आणि सापडू नये तसे.

“मी म्हणालो का?”

“त्या म्हणतात तसं.”

“मग म्हणालो असेन,” काका म्हणाले. “बरं बोललो. जा, मुलं बसलीत.”

मी तिला स्कूटरवर सोडलं. दिलसुखनगरच्या गर्दीत उतरताना तिने साडीच्या निऱ्या नीट केल्या, मला म्हणाली, “थांबू नकोस, मला उशीर झालाय,” आणि क्लासचा जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढली.

परत आलो तर खालच्या घरात दूध उतू गेल्याचा वास होता. काका ओट्यापाशी उभे होते, हातात चमचा.

“साखर केव्हा घालतात रे?”

“आता घाला. तुम्हाला कोणी सांगितलं चहा करायला?”

“कोणी नाही. दूध समोर होतं.”

त्यांनी दोन कप भरले. दुसरा माझ्यापुढे सरकवला नाही, त्यावर बशी झाकून बाजूला ठेवला.

“काकू दुपारी येणार, काका. थंड होईल तो.”

“होऊ दे,” काका म्हणाले. “आली की सांगू, केला तेव्हा गरम होता.”